रस्ता मोकळा होता

रस्त्यात कुणी बसलेलं दिसलं की बाबा सायकलवरून उतरायचे. मागे तुतीचा भारा असला तरी उतरायचे. रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या मोरीच्या अंगाने खाली उतरून वळसा घालणारी एक पायवाट होती. सगळे तिथूनच जायचे. बाबा मात्र हँडल धरून उभे राहायचे. कधी रिकाम्या बादल्या घेऊन बायका बसलेल्या असायच्या, कधी बसचे कंडक्टर, एकदा तर आमच्याच शाळेतली मोठी मुलं बसली होती, गणिताला मास्तर द्या म्हणून. मी पुढच्या दांडीवर असायचे. शाळेची घंटा वाजलेली ऐकू यायची.

"बाबा, मोरीकडून चला ना."

"बसलेत ना ते," बाबा म्हणायचे.

जणू एवढ्यात सगळं आलं. मग कुणीतरी वाट करून द्यायचं, बाबा सायकल हातात धरून त्या माणसांमधून चालत जायचे, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा टांग मारायचे. गावात त्यांना आळशी म्हणत. उशीर करायला निमित्तच हवं असतं याला, असं माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तोंडावर बोलायचे. बाबा हसायचे आणि सायकलच्या चाकात अडकलेली डहाळी काढत बसायचे.

बाबा गेले ते तुतीच्या ओळीत. सकाळी पाला कापताना कोयता हातात ठेवूनच खाली बसले, आणि उठले नाहीत. घरी आणले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तुतीची दोन पानं होती. कशासाठी ठेवली होती, कोण जाणे.

मी शहरात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. चार दिवसांची रजा काढून आले होते. पण शेडमध्ये रेशमाच्या अळ्या होत्या. बाबांनीच आणलेल्या, नखाएवढ्या असताना. आता त्यांची शेवटची कात पडायची होती. लोक भेटायला येत होते, बसत होते, डोळे पुसत होते, आणि आई मध्येच उठून शेडमध्ये जात होती.

"थोडं बस की," मावशी म्हणाली तिला.

"त्यांना काय कळतंय कोण गेलं ते," आई म्हणाली. "त्यांना भूक लागते."

मी रजा वाढवून घेतली. हे पीक बाबांच्या हातचं होतं. ते कोषावर जाईपर्यंत थांबायचं, मग पुढचं पुढे, असं आम्ही दोघींनी न बोलताच ठरवलं.

शेडला बांबूचे रॅक आहेत, एकावर एक पाच खण. दाराकडचे तीन रॅक आणि आतले सहा. कात टाकण्याआधी अळ्या खाणं सोडतात, डोकं वर करून निश्चल राहतात. तेव्हा शेडमध्ये मोठ्याने बोलायचं नाही, असा बाबांचा नियम. आत शिरण्याआधी ते दाराशी थांबून हलकेच खाकरायचे. झोपलेल्या घरात शिरताना आवाज द्यावा, तसं. आई आधी या सवयीला हसायची. आता ती स्वतः खाकरून आत जात होती.

कात पडली, अळ्या पुन्हा खायला लागल्या. या शेवटच्या खाण्याला अंत नसतो. पाला टाकला की देठ उरतो. आणि आवाज येतो. लांबवर पुष्कळ माणसं एकदम कुजबुजत असावीत तसा, न थांबणारा. लहानपणी मी त्या आवाजात झोपायचे.

त्याच दिवसांत एकदा आई माझ्यासमोर पाला पसरत होती आणि मी खालच्या खणातली काडी काढत होते. दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. आम्ही दोघींनी वर पाहिलं. दारात ऊन होतं फक्त. आईने हातातली फांदी झटकली आणि अळ्यांकडे बघत म्हणाली, "खा गं बायांनो, खा."



*

आमचं घर आणि शेड रस्त्याच्या या बाजूला, तुतीचा मळा त्या बाजूला. रस्ता वरच्या खाणीतून येतो. डोंगर अर्धा कापलेला आहे, केकसारखा सरळ. रोज सुरुंगाचे बार उडतात, ते आमच्या अंगवळणी पडलेले. पण त्या दुपारी जो आवाज आला तो बाराचा नव्हता. आधी काहीच नाही, मग खोल, लांबलेला, जमिनीतून चालत आल्यासारखा. रॅक थरथरले. अळ्यांचं खाणं क्षणभर थांबलं. सगळ्या शेडभर शांतता. मग एकीने सुरुवात केली, मग सगळ्यांनी.

कडा खाली आला होता. एक ड्रिलवाला त्याच्याखाली राहिला.

खाणमालकाची माणसं येऊन बघून गेली. दगड अजून सरकतोय म्हणाले, आत माणूस घालणं बरोबर नाही. हळहळले. मग खालच्या बाजूचा दगड सुटा झालेलाच होता, तो भरायला ट्रक लावले. ट्रक भरून पहिल्या वळणावर आले, तेव्हा खाणीतली सगळी माणसं रस्त्यात बसलेली होती. आमच्या फाटकासमोरच, कारण तिथे रस्ता अरुंद आहे आणि एका बाजूला आंब्याची सावली पडते. आधी त्याला काढा, मग दगड न्या. एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यात पुढे, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर, त्या ड्रिलवाल्याची म्हातारी आई बसली होती. पाय पुढे पसरून, घरच्या ओसरीवर बसावं तशी.

मी मळ्यातून भारा बांधून सायकलवर घालून आले तर पुढे माणसांची भिंत. मोरीकडची पायवाट खाणीच्या राडारोड्याने केव्हाच बुजली होती. ऊन रणरणत होतं. कापलेला पाला उन्हात तासभरसुद्धा टिकत नाही, कडा वळायला लागतात. मी हँडल धरून उभी राहिले. उभी राहिल्यावर लक्षात आलं की आपण कुणासारखे उभे आहोत.

"चालत जा ताई," बसलेल्यांपैकी एक म्हणाला. "सायकल नाही जायची."

"हातात धरून नेते."

"सायकल ती सायकलच. मघाशी एकाची हातात धरलेली मोटारसायकल सोडली, तर पलीकडे जाऊन तिच्यावर दोन पोती घातली त्याने."

आई फाटकातून बाहेर आली होती. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हाताला पाल्याचा चीक. पलीकडूनच ती खाणीच्या मुकादमाला म्हणाली, "अहो, तुमचं दुःख मोठं आहे. मी नाही म्हणत नाही. पण माझ्या अळ्यांनी काय केलंय तुमचं?"

"काही नाही केलं काकू," मुकादम म्हणाला. तो बारीक, वाकलेला माणूस. त्याचा आवाज सांगून सांगून बसला होता. "पण तुम्हाला सोडलं की तो ट्रकवाला म्हणणार, मला का नाही."

"म्हणतोच आहे," ट्रकच्या पायरीवर बसलेला ड्रायव्हर म्हणाला. "कधीपासून म्हणतोय."

"बघा."

"अहो, हात जोडते," आई म्हणाली. आणि तिने खरंच हात जोडले. सगळ्यांसमोर, रस्त्यात. मी मान फिरवली. बाबांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि आई पाल्यासाठी हात जोडून उभी होती. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, मावशी, लाजवू नका. पण कुणी हललं नाही.

त्यांच्यात एक उंच, रुंद माणूस होता. सगळे त्याला पहार म्हणत, कारण खाणीतली सगळ्यात जड पहार तोच उचलायचा. तो म्हणाला, "मुकादम, भारा हा माणूस आहे का?"

"नाही."

"गाडी आहे का?"

"नाही."

"मग भारा कशात बसतो?"

मुकादमाने कपाळाला हात लावला. "ही काय वेळ आहे का रे तुझी?"

तेवढ्यात म्हातारी बोलली. मागे न बघता, पुढच्या डांबराकडे बघत. "जाऊ द्या. खाणारी तोंडं आहेत तिथे."

मग तसंच झालं. सायकल मळ्याच्या बाजूलाच उभी राहिली. मी दोर सोडला. पहारने भारा उचलून मागच्याकडे दिला, त्याने त्याच्या मागच्याकडे. हिरव्या फांद्या माणसांच्या डोक्यांवरून पुढे सरकत गेल्या. काहींनी बसल्याबसल्याच हात वर केले. दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले हात. एकाने एका हाताने भारा पुढे ढकलला, कारण दुसऱ्या हातावर त्याची तंबाखू मळून तयार होती. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि मला फक्त एवढंच वाटलं की किती भली माणसं आहेत.

आई मळ्यात जाऊन दुसरा भारा डोक्यावर घेऊन त्यांच्यातून स्वतः चालत आली. तो तिने आतल्या सहा रॅकना घातला. माझा मी दाराकडच्या तीन रॅकना घातला.

जाताना ती कडाकडा बोलत होती. "रस्ता काय यांच्या घरचा आहे? आम्ही कुठे जायचं? म्हातारीला उन्हात बसवलंय, एक छत्री नाही जवळ." मग खाल्लेल्या पाल्याच्या उरलेल्या काड्यांची मोळी बांधून तिने फाटकाबाहेर टाकली. "घ्या. चहाला जळण होईल. नाहीतर आमचं कुंपण उपसाल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाकरून आत गेली आणि बराच वेळ तिचा आवाज आला नाही. मी गेले तर ती दाराकडच्या रॅकपाशी वाकून उभी होती.

अळ्या डोकी वर करून डोलत होत्या. आतल्या रॅकवरून कुजबुज येत होती, इथे काही नाही. पाला तसाच पडलेला. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी आलं होतं, अंगं आखडून अर्धी झालेली. जिवंत होत्या त्या नुसत्या डोलत होत्या, इकडून तिकडे, इकडून तिकडे.

आईने एक फांदी उचलली, नाकाशी नेली.

"याला कुणी कुणी हात लावला?"

"मी."

"आणि?"

मी सांगितलं. आई खाली बसली. जमिनीवर, तशीच.

"तंबाखू," ती म्हणाली. "तंबाखूचा हात लागला की संपलं, हे विसरलीस होय गं? तुझ्या बाबांनी आयुष्यभर तंबाखू खाणाऱ्याला या दारात उभं केलं नाही. माझ्या बापाला ओट्यावर बसवून ठेवायचे. जावयाने सासऱ्याला. किती बोलणी खाल्ली त्यांनी त्यावरून."

मी बादली आणली. आम्ही अळ्या वेचायला लागलो. जिवंत अळी गार आणि घट्ट असते, हाताला चिकटून राहते, सोडवावी लागते. या सुटून येत होत्या. बादलीत पडताना आवाज होत नव्हता. आई वेचता वेचता खणाची कडा पुसत होती, जिथे बाबांचा हात लागून लागून बांबू गुळगुळीत झाला होता. मला रडू येत नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी वाटलं नव्हतं तितकं वाईट वाटत होतं, आणि तेही अळ्यांसाठी, याची लाज वाटत होती.

बाहेर जीप थांबली. फौजदार आला होता. तरुण, इस्त्रीच्या घड्या मोडू नयेत म्हणून जपून चालणारा. दाराशी येऊन आत डोकावला आणि पाऊल टाकणार तोच आईने हात आडवा केला.

"साहेब, तंबाखू?"

"काय?"

"खाता का? किंवा सिगरेट?"

तो गोंधळला. "कधीतरी."

"मग तिथेच उभे राहा."

तो उंबऱ्याबाहेर राहिला. मागे त्याचा शिपाई हसू दाबत होता. फौजदाराने रुमालाने मान पुसली आणि बादलीकडे पाहिलं.

"या मेल्यात का?"

"हो."

"रस्त्यामुळे?"

आईने बादली मागे सरकवली. तो जरा वाकून, आवाज उतरवून बोलायला लागला. माणूस वाईट नव्हता. त्यालाही उन्हाचा त्रास होत होता. "हे बघा बाई. खाणमालक तक्रार करतो, पण तो मोठा माणूस, उद्या लोक म्हणतील पैशाच्या जोरावर उठवलं. ट्रकवाले त्याचेच. कुणीतरी साधं माणूस पाहिजे. घरातला कर्ता गेलाय, बायकामाणसं कष्ट करतायत, आणि यांच्यामुळे पीक मेलं. तुम्ही नुसतं तोंडी सांगा. बाकी मी बघतो. संध्याकाळच्या आत रस्ता मोकळा होतो की नाही बघा."

मी तोंड उघडलं. मला सांगायचंच होतं. हो, यांच्यामुळे. बाबांच्या हातचं पीक होतं, तिसरा हिस्सा गेला, उरलेलंही जाईल. शब्द ओठांवर होते, आणि ते सगळे खरे होते.

"रस्त्याचं काही नाही," आई म्हणाली. "उन्हाने मेल्या."

"बाई, ही बादली..."

"पत्रा तापतो. दाराकडच्या मरतात दरवर्षी. आमचं नुकसान कुणी केलेलं नाही."

फौजदार तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं. तो म्हणाला, "विचार करा. मी आहे इथेच." जीप गेली नाही, आंब्याखाली जाऊन उभी राहिली.

"खोटं का बोललीस?" मी म्हणाले. माझा आवाज चढला, शेडमध्ये चढवू नये तसा. "हे बाबांचं शेवटचं होतं."

"हळू बोल. आतल्या जिवंत आहेत अजून."

ती पुन्हा वेचायला लागली. मग, खणाकडेच बघत, बोलली.

"तुझा धाकटा काका. तुला एवढंच माहीत आहे, तो परगावी गेला आणि आला नाही."

"हो."

"परगावी नाही गेला. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभा होता. याच खाणीतला. मजुरीचं काहीतरी बोलत होता चौघांशी. त्या वर्षी चार माणसं एकत्र दिसली की पोलिसांची गाडी यायची. चौघे पळाले. तो नाही पळाला. गाडीत घालून नेला. मग कचेरीत गेलं की म्हणायचे, असा कुणी आणलाच नाही. पुन्हा विचारायला आलात तर बघा म्हणायचे. पहिल्या वेळी तुझे बाबा गेले. दुसऱ्या वेळी कुणी नाही गेलं."

तिने बादली जवळ ओढली.

"मग एक दिवस तुझी आजी जाऊन रस्त्यात बसली. आता ती म्हातारी बसलीये ना, तिथेच. एकटी. एकट्या माणसाला जमाव म्हणता येत नाही, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. लोक येत होते, बघत होते, मोरीकडून जात होते. कुणाचं काय चुकलं? ज्याला त्याला घरदार होतं. मी या दारात उभी होते. नवी नवरी. आणि मळ्यातून तुझे बाबा आले, सायकलवर भारा घेऊन. शेवटच्या कातीनंतरचं खाणं सुरू होतं."

मी वेचायची थांबले.

"त्यांनी तिला पाहिलं. तिनेही त्यांना पाहिलं. हाक नाही मारली तिने. ते क्षणभर थांबले, मग हँडल वळवलं आणि मोरीकडून खाली उतरले. वळसा घालून आले. पाला वेळेवर पोचला."

"आणि आजी?"

"दुपारी दोघा शिपायांनी काखेत हात घालून उचलली आणि आणून अंगणात ठेवली.  थोडा वेळ बसली, मग उठून भाऱ्याचा दोर सोडायला लागली." आईने हात पुसले. "त्या पिकासारखं पीक पुन्हा नाही आलं. पांढरेशुभ्र कोष, एकावर डाग नाही. एक दिवस उशीर नाही, एक गाडी चुकली नाही. बाजारात लोक विचारायचे, काय घातलंत हो अळ्यांना. रस्ता मोकळा होता ना. वर्षभर मोकळा होता."

आतल्या रॅकवरून कुजबुज येत होती. मला एकदम वाटलं, बाबा आयुष्यभर या आवाजात बसून कुणाचं बोलणं ऐकत होते, ते मी कधी विचारलंच नाही.

"नंतर दिवस बदलले," आई म्हणाली. "लोक पुन्हा बसायला लागले रस्त्यात. कुठल्याही कारणाने. मला वैताग यायचा. हे मात्र उतरायचे. एकदा मी म्हणाले, अहो, रोजचा उशीर, अळ्या उपाशी राहतात. तर म्हणाले, राहू देत घटकाभर."

तिने बादली उचलली आणि मागे खड्ड्याकडे गेली. परत आली ती बडबडतच. "हात धुवायची अक्कल नाही मेल्यांना, आणि म्हणे रस्ता अडवतात."

*

दुपारी आईने फाटकाबाहेर दोन बादल्या पाणी नेऊन ठेवलं. कपड्याच्या साबणाची वडी, आणि नारळाची शेंडी घासायला. कमरेवर हात ठेवून ती रस्त्यातल्या माणसांसमोर उभी राहिली.

"भाऱ्याला ज्याला हात लावायचा असेल त्याने आधी हात धुवायचे. कोपरापर्यंत. धुतल्यावर तंबाखूला हात लावला तर मला कळतं. काल माझ्या तीन रॅकवरच्या अळ्या मेल्या तुमच्या हाताने."

 मुकादम उठून उभा राहिला. त्याने आंब्याखालच्या जीपकडे पाहिलं, मग आईकडे.

"काकू, तो साहेब तुमच्याकडे..."

"साहेबाचं मी बघितलं. तुम्ही हात धुवा."

पहिला पहार आला. गुडघ्यावर बसून त्याने हात घासले, नखं घासली. पाणी पांढरं झालं, मग तपकिरी. आईने त्याचे दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले, वास घेतला.

"पुन्हा."

"मावशी, लग्नात एवढे नव्हते धुतले."

"म्हणून बायको ओरडते. पुन्हा."

पहिल्यांदाच त्या रस्त्यात कुणीतरी हसलं. म्हातारीसुद्धा जरा वळली. मग रांग लागली. ज्यांना तंबाखू सोडवत नव्हती ते बाजूला झाले, आणि धुतलेले मध्ये आले. रस्ता न सोडता, फक्त जागा बदलून. मी मळ्यातून भारा आणला. या वेळी तो ओल्या, लाल पडलेल्या हातांवरून गेला. आई पलीकडे उभी राहून प्रत्येक फांदी झटकून घेत होती, पाण्याचा थेंब राहू नये म्हणून. ओला पालाही अळ्यांना चालत नाही. ते कळल्यावर एकाने स्वतःचा सदरा काढून हात कोरडे करायला पुढे केला. तोच सदरा पुढे रोज सगळ्यांनी वापरला.

ट्रक ड्रायव्हरही एक दिवस रांगेत येऊन बसला. "दुसरं काही काम नाही," म्हणाला.

असेच दिवस गेले. उशीर रोज झाला. पाला रोज थोडा मान टाकूनच पोचायचा. आई रोज शिव्या द्यायची आणि संध्याकाळी काड्यांची मोळी बाहेर टाकायची. फौजदार आला, उभा राहिला, गेला. त्याला तक्रार मिळाली नाही.

अळ्या पिकायला, म्हणजे कोष विणायच्या बेतात यायला लागल्या, तेव्हा वर खाणीत पोकलेन आलं. माणसं नीट दोर लावून उतरवली गेली. ते आधीच व्हायला हवं होतं, आणि झालं नव्हतं. ड्रिलवाला एका कपारीखाली सापडला. त्याला खाली आणताना सगळे उठून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. म्हातारीला दोघांनी काखेत हात घालून उठवलं. माझ्या शेजारी आईचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. पण त्यांनी तिला नुसतं उभं केलं, तिचे पाय सुटेपर्यंत धरून ठेवलं, मग ती स्वतःच चालली. आमच्या फाटकाशी आल्यावर थांबली आणि आईला म्हणाली, "तुझी मंडळी खाऊन झाली का?"

"झालं," आई म्हणाली. "आता विणतील."

म्हातारीने मान हलवली, आणि ती मुलाच्या मागे गेली.

संध्याकाळी ट्रक सुटले. एकामागून एक, भरलेले, आमच्या भिंती हलवत.

शेडमध्ये आम्ही पिकलेल्या अळ्या वेचून चंद्रिकांवर सोडत होतो. अंग पिवळसर, आरपार दिसणारं, डोकं वर करून आधार शोधणारं. चंद्रिका म्हणजे बांबूच्या गोल वळ्यांची चौकट. तिच्या वळ्यांतून अळी स्वतःभोवती धागा गुंडाळून घेते. खाणं थांबलं की शेड गप्प होते. दरवर्षी होते. त्या शांततेत आई मध्येच हात थांबवून दाराकडे बघायची.

थोड्या अळ्या मागे राहिल्या होत्या, अजून खाणाऱ्या. त्यांच्यासाठी सकाळी एक शेवटचा पाला आणायचा होता. मी सायकल घेतली, आई पायी आली. मळ्यात बाबा बसले होते ती ओळ आम्ही सोडून दिली, पलीकडची कापली. मी भारा सायकलवर घातला, तिने छोटा डोक्यावर घेतला.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंनी लांबवर काही नाही. नुसतं डांबर, आणि फाटकासमोर हात धुतल्याच्या पाण्याचा वाळलेला पांढरा डाग, त्यात साबणाचा एक पातळ तुकडा. टांग मारून एका दमात पार झाले असते.

मधल्या पांढऱ्या पट्ट्यापाशी मी उतरले. हँडल धरून, सायकल हळू ढकलत, तेवढी जागा सोडून गेले. मागे आईची पावलंही संथ झाली.

ती हलकेच खाकरली, आणि मग पुढे आली.